नामदेवरावांचा डावा हात

नामदेवराव कंपाउंडर इंजेक्शन देण्याआधी जागच्या जागी दोन उड्या मारत. मग हनुवटी उजव्या खांद्यात खुपसत, नाकातून जोरात श्वास सोडत आणि रोग्याच्या दंडावर तिरके चालून जात. एक म्हातारी तर त्यांना आधी हात जोडायची. तिला वाटे, यांच्या अंगात येतं. सुई बसल्याचं मात्र कुणाला कळत नसे. रोगी तोवर उड्याच बघत राहिलेला असे.

साठ सालानंतरची गोष्ट. पांढरकवड्याच्या दवाखान्यात मी चिठ्ठ्या फाडणारा कारकून होतो आणि नामदेवराव औषधं कालवणारे. आमच्या खोल्यांची भिंत एक. मी फार बोलणारा माणूस नाही, आणि त्यांच्याबद्दल तर इतकी वर्षं कुणाजवळ चकार शब्द काढलेला नाही. त्याला कारण आहे, ते ओघात येईलच.

नामदेवरावांना बॉक्सिंगचं वेड. दवाखान्यामागच्या कडुनिंबाला सरकीचं पोतं टांगलेलं. हातमोजे मोच्याकडून किरमिचाचे शिवून घेतलेले, आत दवाखान्याचा कापूस. लहानपणी ढाणकीच्या जत्रेत आलेल्या टुरिंग टॉकीजमध्ये, मुख्य सिनेमाआधीच्या बातम्यांत त्यांनी कुणा गोऱ्या चॅम्पियनची कुस्ती (ते तिला कुस्तीच म्हणत) पाहिली होती. जत्रा होती तोवर रोज पाहिली. साहेबाचं नाव त्यांना ठाऊक नव्हतं. ते त्याला 'आपला मानूस' म्हणत.

आपल्या माणसाचं सगळं त्यांनी उचललं होतं. नाक कसं पुसायचं, मोज्याची नाडी दातानं कशी ओढायची, सारं. जिंकल्यावर ते एक पाय सर्रकन घसरवत. मी म्हटलं, "नामदेवराव, तो साहेब ओल्यावर घसरला असेल हो."

"पॉइंट समजा, बाबू," ते म्हणाले. "थो घसरला नाही. थ्यातच खरी कला हाय."

रविवारी निंबाखाली सामने होत. कापसाच्या जिनिंग कारखान्यातला एक फिटर यायचा, नागपूर-हैदराबाद रस्त्यावरचा एखादा ट्रक ड्रायव्हर यायचा, कुणी नसलं की मी. ठोसा बसला रे बसला की नामदेवराव "लागलं काय?" विचारत आणि टिंक्चरची बाटली काढत. मारणारा आणि मलम लावणारा एकच, त्यामुळे तक्रार कुणाकडे करणार?

एक गोष्ट मला खटके. हा माणूस लिहायचा उजव्या हातानं, जेवायचा उजव्या हातानं, सुईसुद्धा उजव्याच हातात. मोजे चढवले की मात्र पक्का डावखुरा. उजवा पाय पुढे, आणि खरा दणका डाव्या हाताचा. मी एकदा विचारलं तर म्हणाले, "छप्पन साली आम्ही देव बदलवला, बाबू. जन्माचं सारं बदलवलं. हात कोन मोठा लागून गेला?"

आमचं आर्णीकडचं कापूस पिकवणारं घर. तिथे छत्री टांगायचा खिळासुद्धा तीन पिढ्यांत बदललेला नव्हता.

मग एके रविवारी बंदोबस्तावर आलेला एक हवालदार निंबाखाली येऊन उभा राहिला. पूर्वी फौजेत बॉक्सिंग शिकवलेला माणूस, सगळे त्याला उस्ताद म्हणत. नामदेवरावांनी ड्रायव्हरला लोळवलं आणि पाय घसरवला. उस्तादानं विचारलं, हे कुणाचं पाहून शिकलास? नामदेवरावांनी आपल्या माणसाचं साग्रसंगीत वर्णन केलं. उस्ताद बुचकळ्यात पडला. ती रीळ त्यानं फौजेच्या छावणीत कितीदा तरी पाहिली होती, आणि तो चॅम्पियन चांगला उजव्या हाताचा होता.

इथे माझं तोंड उघडलं. एरवी न उघडणारं.

"उस्ताद, हे पडद्यामागं बसत," मी म्हणालो. "मागून सारं उलटं दिसतं."

हे मला नामदेवरावांनीच सांगितलं होतं, माझ्यावर विश्वास टाकून. माझ्या मनात एवढंच होतं की कोडं आपण सोडवलं, चार लोकांनी वा म्हणावं. लोक हसले. मग हळूहळू हसू विरलं, कारण त्या तंबूत पडद्यामागं कुणाला बसवत हे तिथे प्रत्येकाला ठाऊक होतं. मी त्याच जत्रेत मामाबरोबर पुढच्या बाजूला बसलेला पोरगा. नामदेवरावांनी दातानं नाडी सोडली आणि म्हणाले, "पॉइंट बरोबर हाय बाबूचा." आणि ड्रायव्हरला टिंक्चर लावायला बसले.

उस्ताद मात्र खूश होता. म्हणाला, दिवाळीनंतर यवतमाळला सामने आहेत, त्यातून नागपूरला जाणारा जिल्ह्याचा चमू निवडायचा आहे. "सीधे हाथ से खेलो, नागपूर मैं ले जाऊंगा."

नागपूरला खेळणं म्हणजे नामदेवरावांचं आयुष्याचं स्वप्न. त्यांनी पाय बदलले. आणि जो माणूस वाऱ्यासारखा सरकायचा तो स्वतःच्याच पायात अडकायला लागला. फिटरनं त्यांना पाडलं. एकदा तर मी पाडलं, आणि मीच घाबरून टिंक्चर आणायला धावलो. उड्या चुकायला लागल्या तशी रोग्यांना सुई कळायला लागली. म्हातारी म्हणाली, आता यांच्या अंगात येत नाही.

यवतमाळला मी टॉवेल घेऊन कोपऱ्यात होतो. समोर एक तरणाबांड गडी. पहिल्या फेरीत नामदेवरावांनी उस्तादाच्या शिकवणीप्रमाणे, उजव्या हातानं, नुसता मार खाल्ला. फेरी संपली तेव्हा दोराशी धोतरातला एक उंच माणूस उभा होता. नामदेवरावांचा थोरला भाऊ, दादा. मायबाप लवकर गेले तेव्हा दुसऱ्याच्या वावरात राबून त्यानंच यांना शिकवलेलं. सामना बघायला ट्रकमधून ढाणकीहून आलेला.

"बाबू," दादानं मला विचारलं, "नामू असा काहून खेळून राह्यला? त्याचा हात कुठं गेला?"

घंटा झाली. उस्ताद पलीकडून "सीधा हाथ, सीधा हाथ" करत होता. नामदेवरावांनी एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा दादाकडे पाहिलं, दोन उड्या मारल्या आणि उजवा पाय पुढे टाकला.

रोजच्या घराचं दार एकाएकी दुसऱ्या भिंतीत निघावं, तसा तो तरणा गडी गांगरला. कुठून काय येतंय तेच त्याला समजेना. पुढच्या दोन्ही फेऱ्या नामदेवरावांच्या. पण पहिल्या फेरीतला मार मोजला गेलाच, थोडक्यात हरले. उस्ताद जवळ येऊन म्हणाला, "नागपूर भूल जाओ," आणि गेला.

संध्याकाळी स्टँडजवळच्या हॉटेलात आम्ही तिघं जेवायला बसलो. दादा शेजारच्या टेबलावरच्या अनोळखी माणसाला हातवारे करून अख्खा सामना सांगत होता. त्यात नामदेवराव जिंकलेले होते. मी घसा साफ केला. म्हणालो, "नामदेवराव, त्या दिवशी निंबाखाली मी जे बोललो…"

"ते राहू द्या," ते म्हणाले. "तुम्ही काही नवीन नाही सांगितलं. मले तवाच ठाऊक होतं. पडद्यावर 'शांतता राखा' येत जाय, थेही उलटं. मी चवथीत होतो, मले वाचता येत होतं. दादाले नाही."

"मग तेव्हाच काहून नाही सांगितलं?"

त्यांनी आवाज उतरवला. "दादा जन्माचा डावा हाय, बाबू. घरी मार खाये, वावरात शिव्या खाये, पंगतीतून तर एकदा उठवलं त्याले. त्यानं थो सायब पाह्यला अन् मले गच्च धरलं. म्हने, पाह्य नामू, एवढा मोठा मानूस, थोही माह्यासारखाच. आता त्याले कोन्या तोंडानं सांगू का पडदा उलटा हाय म्हनून? मीबी मंग डावाच शिकलो. घरात दोघं असले म्हनजे बरं असते."

मला माफी मागायची होती. मी नुसती भाजीची वाटी पुढे सरकवली.

समोर, भरल्या हॉटेलात, दादा डाव्या हातानं पोळी मोडून जेवत होता. शेजारचा माणूस त्या हाताकडे टक लावून बघायला लागला. दादाचं लक्ष नव्हतं. तो तिसऱ्या फेरीत पोचला होता. नामदेवरावांनी कुणाला दिसेल न दिसेल असं मिठाचं भांडं उचललं आणि त्याच्या डाव्या हाताशी ठेवलं.