शाही घास आणि पिवळं पाकीट

सरकारांनी ताटलीचा वास घेतला, मान वर करून घरच्या सुनेकडे एकवार पाहिलं आणि मग पुढच्या पंजाने ताटलीभोवतीची फरशी खरवडायला घेतली. मांजर घाणीवर माती ओढतं, अगदी तसं.

"पुरतोय गं तुझा शाही घास," सासूबाई खुर्चीतून म्हणाल्या. "दोन मिनिटं स्तब्ध उभं राहायचं का आपण?"

"थांबा हो आई. खातील. भूक लागली की खातील."

"कालही हेच म्हणालीस. शेवटी मीच उठून पिवळं पाकीट फोडलं."

सरकार म्हणजे या घरातला बोका. तिच्या नवऱ्याचं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं. तिथे एके दिवशी हा शिरला, गिऱ्हाइकाच्या खुर्चीवर बसला आणि दुकान बंद करायची वेळ झाली तरी उठेना. घरी आणला तर सगळ्या खोल्यांतून असा फिरला, जणू घर विकत घ्यायला आलाय आणि फारसं पसंत पडलेलं नाही. तेव्हापासून त्याला सरकार म्हणायचे. सरकारांना अरे-तुरे करायचा अधिकार घरात फक्त सासूबाईंना होता.

आता या सरकारांनी काय खावं, हा त्यांचा खासगी प्रश्न झाला असता. पण ती नेमकी मांजरांचं खाणं बनवणाऱ्या कंपनीत नोकरीला होती. 'शाही घास' हा त्या कंपनीचा सगळ्यात भारी माल. चकचकीत डबा, आत निवडक माशांचे रसाळ तुकडे, वर सोनेरी झाकण. नोकरमाणसांना तो सवलतीत मिळायचा, म्हणून ती पिशवी भरभरून आणायची आणि सरकार तो पुरत सुटायचे. त्यांना हवं असायचं ते कोपऱ्यावरच्या दुकानातलं पिवळं पाकीट. दुसऱ्याच कुठल्यातरी कंपनीचं, बाजारातलं सगळ्यात स्वस्त. त्यावरच्या चित्रातलं मांजर आजारी खारीसारखं दिसायचं, आणि आतले कोरडे दाणे पाहून भिंतीला लावायचा गिलावा आठवायचा.

"स्वस्तात खूश आहेत तर राहू दे की," नवरा म्हणायचा. "असा मुलगा मिळायला नशीब लागतं."

"तुला काय जातंय बोलायला? ऑफिसात मी काय तोंड दाखवू?"

यात तोंड दाखवण्याचा प्रश्न आला कुठून, तर तो तिनेच ओढवून घेतला होता. ऑफिसात ती गिऱ्हाइकांच्या तक्रारींना उत्तरं द्यायची, म्हणून तिला सगळे तक्रारताई म्हणत. 'तुमचा शाही घास आमची मनी तोंडात धरत नाही' अशा तक्रारी ढिगाने यायच्या. एकदा एका फारच चिडलेल्या आजोबांना काय लिहावं ते सुचेना, तेव्हा तिने शेवटी घातलं, 'माझ्या घरचं मांजर शाही घासशिवाय कशालाही शिवत नाही. थोडा धीर धरा.' आजोबा शांत झाले. मग तिने हे वाक्य प्रत्येक उत्तराला जोडायला सुरुवात केली, आणि तक्रारी निम्म्यावर आल्या. ही गोष्ट मोठ्या साहेबांच्या कानावर गेली, आणि तिथे घोळ झाला.

मोठे साहेब म्हणजे विलक्षण माणूस. कंपनीत नवा माल तयार झाला की पहिला चमचा ते स्वतः खायचे. सगळ्यांसमोर, उभ्याने, डोळे मिटून. शाही घास शिजवणारे मुख्य आचारी, ज्यांना सगळे आचारीबुवा म्हणत, ते समोर हात बांधून उभे असत. साहेब चावत, गिळत आणि मग म्हणत, "हं." तो 'हं' आला की माल बाजारात. आला नाही की सगळं पातेलं परत. मांजराच्या खाण्यात कणभर मीठ जास्त पडलं तरी त्या जिभेला कळायचं.

तर या साहेबांनी तिला बोलावलं. "ताई, नव्या डब्यावर आपल्याला खऱ्या घरातलं खरं मांजर हवंय. तुमचंच घेऊ. परवा फोटोवाल्याला घेऊन मी स्वतः येतो तुमच्याकडे. खाताना फोटो काढायचे."

"आमच्याकडे? साहेब, आमचे सरकार जरा लाजरे आहेत..."

"लाजू देत. आणि हो, तुम्ही अजून हंगामीच आहात ना? हे काम नीट पार पडलं की तुम्हाला कायम करून टाकू."

कायम! ही नोकरी कायम व्हावी म्हणून ती किती दिवस वाट पाहत होती ते तिचं तिलाच ठाऊक. दर वेळी मुदत संपत आली की ती नोकरीच्या जाहिराती चाळायला घ्यायची. आता ती कायम होणार की नाही हे एका बोक्याच्या तोंडावर येऊन ठेपलं होतं, आणि बोका तोंड लावत नव्हता.

घरी युद्धपातळीवर तयारी सुरू झाली. पहिला उपाय उपाशी ठेवण्याचा. सरकार सकाळभर उपाशी राहिले, मग सासूबाईंच्या पायाशी जाऊन असे केविलवाणे ओरडले की त्यांनी सुनेला न विचारता पाकीट फोडलं. दुसरा उपाय मिसळण्याचा. अर्धं हे, अर्धं ते. सरकारांनी पिवळे दाणे एक एक वेचून खाल्ले आणि माशाचे तुकडे चाटूनपुसून, धुतल्यासारखे बाजूला ठेवले.

"सरळ आहे," नवरा शेवटी म्हणाला. "ताटलीत पिवळंच घालायचं. दिसायला शाही दिसलं म्हणजे झालं. फोटोला कुठे वास येतो?"

मग त्याने दुकानातून आपला बारीक चिमटा आणला, डोळ्याला भिंग लावलं आणि कामाला बसला. पिवळे दाणे कोमट पाण्यात भिजवून, दाबून, त्यांचे छोटे छोटे तुकडे केले. ताटलीच्या कडेला, कॅमेऱ्याच्या बाजूने, शाही घासचे अस्सल तीन तुकडे चिमट्याने बसवले. लांबून पाहिलं तर आचारीबुवांनीही आपलंच म्हणून पाठ थोपटून घेतली असती.

"छान झालंय," सासूबाई म्हणाल्या. "पण मी खोटं बोलणार नाही हं. आधीच सांगून ठेवते."

"आई, तुम्ही त्या दिवशी वन्संकडे जाऊन येता का?"

"का म्हणून? माझ्या घरी फोटोवाला येणार आणि मी बाहेर जाऊ?"

ठरल्या दिवशी साहेब आले, त्यांच्यामागून छत्र्या, दिवे आणि पेट्या सांभाळत फोटोवाला आला. सासूबाई ठेवणीतले कपडे घालून मधोमध बसल्या होत्या. तिने ताटली खाली ठेवली. सरकार आले, दिव्यांकडे पाहिलं, ताटलीत तोंड घातलं, आणि काय सांगावं! असे तुटून पडले की फोटोवाला "वा, वा, असंच, असंच" म्हणत फरशीवर लोळायला लागला. साहेबांचा चेहरा फुलून आला.

"आजी," ते सासूबाईंकडे वळले, "हा रोज हेच खातो ना?"

तिने सासूबाईंकडे पाहिलं. सासूबाईंनी शांतपणे उत्तर दिलं, "आम्ही काही बदल केलेला नाही हो. आज ताटलीत आहे तेच रोज खातो."

साहेब खूश झाले. फोटोवाल्याचं काम संपत आलं. सगळं निभावलं असं तिला वाटलं, तेवढ्यात साहेब खाली वाकले.

"हे काय? तीन तुकडे ठेवले याने."

सरकारांनी मधलं सगळं फस्त केलं होतं आणि कडेचे तीन अस्सल शाही तुकडे जागच्या जागी, आरास केल्यासारखे, सोडून दिले होते. वर आता ते पंजाने त्यांच्याभोवतीची फरशीही खरवडू लागले.

"शिस्त आहे त्यांना," नवरा घाईघाईने म्हणाला. "थोडं मागे ठेवतात. नंतरसाठी."

"आणि ते खरवडणं?"

"लपवून ठेवतात. चोरीला जाऊ नये म्हणून."

साहेबांनी मान डोलावली. मग, जन्माची सवय ती, त्यांनी ताटलीत बोट घातलं. तीन तुकड्यांकडे नाही, मध्ये तळाशी उरलेल्या लगद्याकडे. तिच्या तोंडून "अहो साहेब, नको" निघेपर्यंत ते डोळे मिटून उभे होते.

साहेबांनी चावलं. गिळलं. सगळे 'हं'ची वाट पाहत राहिले. 'हं' आलाच नाही. साहेबांनी डोळे उघडले, तिच्याकडे पाहिलं, सरकारांकडे पाहिलं, रुमालाला बोट पुसलं आणि म्हणाले, "चला. झालं काम." आणि निघून गेले.

"गेली माझी नोकरी," ती मटकन खाली बसली. सरकार येऊन तिच्या मांडीवर चढले आणि तिच्याच ओढणीला तोंड पुसू लागले.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात शिरते न शिरते तोच आचारीबुवांनी तिला जिन्यात गाठलं. भला माणूस, पण त्या दिवशी चेहरा पार उतरलेला.

"ताई, साहेब काल तुमच्याकडे चाखून आले म्हणे. काय म्हणाले? 'हं' म्हणाले ना?"

"नाही हो."

"नाही?" आचारीबुवांनी कठडा धरला. "संपलं मग. माझ्या हाताची चव गेली. सकाळपासून साहेबांनी मला हाकही मारलेली नाही. इतकी वर्षं या पातेल्यात चमचा फिरवला, आता म्हातारपणी घरी बसवणार मला."

हे मात्र तिला सहन होईना. आपल्या खोटेपणापायी आपलं गेलं तर गेलं, या गरीब माणसाचं का जावं? ती तशीच वळली आणि न बोलावता साहेबांच्या केबिनमध्ये शिरली.

"साहेब, मला काढून टाका. पण आचारीबुवांना काही बोलू नका. काल ताटलीत शाही घास नव्हताच. ते कडेचे तीन तुकडे सोडले तर..."

साहेबांनी हात वर करून तिला थांबवलं. उठले. दार लावलं. खिडकीचा पडदा ओढला. मग खुर्ची पुढे सरकवून हळूच म्हणाले, "पिवळं पाकीट. हो ना?"

"तुम्ही ओळखलंत?"

"पहिल्या घासाला! ताई, या जिभेवर कंपनी उभी आहे."

"मग तिथेच का नाही बोललात?"

"काय बोलणार, कपाळ?" साहेब हताश होऊन म्हणाले. "आमच्याकडे दोन मांजरी आहेत, मायलेकी. शाही घास पुढे ठेवला की दोघी उठून खिडकीत जातात आणि आमच्याकडे पाठ करून बसतात. आमची बायको लांबच्या बाजारात जाऊन गुपचूप पिवळं पाकीट आणते."

"आणि तुम्ही ते चाखलंत?"

"चाखल्याशिवाय मी कुणाला काही घालत नाही," साहेब थोडे दुखावले. मग आणखी आवाज उतरवून म्हणाले, "खरं सांगू? वाईट नाहीये."

तिला हसावं की रडावं कळेना. साहेबांचं पुढचं बोलणं तर ती थक्क होऊन ऐकत राहिली. बायकोचा गुडघा दुखावला होता, दोन दिवस घरात पाकीट नव्हतं, आणि मायलेकींनी उपोषण मांडलं होतं. साहेबांना स्वतः दुकानात जायची सोय नव्हती, कारण गावातल्या निम्म्या दुकानांवर 'शाही घास'च्या पाट्या त्यांनीच उभं राहून लावून घेतल्या होत्या. ड्रायव्हरला पाठवावं तर संध्याकाळपर्यंत कारखाना हसला असता.

"तुम्हाला कुठे मिळतं हो?" साहेबांनी विचारलं.

"आमच्या कोपऱ्यावर."

"दोन पाकिटं आणाल आज? जाड कागदात गुंडाळून?"

"आणते की. पण साहेब, त्या फोटोंचं काय?"

"छापायचे! खाताना इतका खूश झालेला बोका मी जन्मात पाहिला नाही. आपल्या डब्याने असा चेहरा कधी केलाय कुणाचा?"

"आणि ते... मला कायम करायचं म्हणत होता..."

"अहो, आता तुम्हाला सोडून चालेल का मला?" साहेब कळवळून म्हणाले.

संध्याकाळी ती जवळजवळ उड्या मारतच कोपऱ्यावरच्या दुकानात पोचली. आतल्या अंगाला, पोत्यांच्या आडोशाला, कुणीतरी हेल्मेट न काढताच उभं होतं आणि खालच्या फळीवरून पिवळी पाकिटं पिशवीत भरत होतं. पिशवी भरून माणूस वळला. हेल्मेटची काच वर होती. आत आचारीबुवा होते.

त्यांनी पिशवी पाठीमागे लपवली.

"अभ्यासासाठी," आचारीबुवा म्हणाले. "समोरची कंपनी काय घालते ते बघावं लागतं आम्हाला."

"हो, बघायलाच हवं," ती म्हणाली. "पिशवीभर अभ्यास करताय अगदी."

"साहेबांना सांगू नका, ताई. पाया पडतो."

साहेबांच्या नावाने तिला असं हसू आलं की ओठ दाताखाली धरावा लागला. सांगण्यासारखं खूप होतं आणि एक अक्षर सांगायची सोय नव्हती. "माझ्याकडून कुणाला कळणार नाही," ती कशीबशी म्हणाली, आणि आचारीबुवा पिशवी पोटाशी धरून अंधारल्या गल्लीत दिसेनासे झाले.

"काय देऊ?" दुकानदाराने विचारलं.

"पिवळी पाकिटं. तीन द्या. दोन वेगळी बांधा, जाड कागदात."

दुकानदार कागद फाडता फाडता कौतुकाने मान हलवत म्हणाला, "एक मात्र मानलं पाहिजे हं. तुमच्या कंपनीच्या माणसांना मांजराच्या खाण्यातलं कळतं. दर आठवड्याला आमचा निम्मा माल तुमचीच माणसं उचलतात."