दुधाच्या दाताचे सुतक

शस्त्रक्रियेच्या दुसऱ्या दिवशी कस्तुरी खराडेच्या सुळ्याने कळवले, की सुतक असल्यामुळे तो सध्या खाली येऊ शकत नाही.

कळवले अगदी नम्रपणे. कस्तुरी चौदा वर्षांची. तिचा वरचा सुळा टाळूपाशी हाडात अडकून बसला होता आणि त्याच्या जागेवर दुधाचा दात अजून तग धरून होता. डॉक्टरांनी दुधाचा दात काढला, हिरडी उघडून सुळा मोकळा केला आणि मुलीला घरी पाठवले. आता सुळ्याने रिकाम्या जागेवर येऊन बसायचे, एवढेच उरले होते.

"ज्याने माझी जागा इतकी वर्षं धरून ठेवली, तो काल गेला," सुळा कस्तुरीच्या उघड्या तोंडातून म्हणाला. "आणि आज मी तिथे जाऊन बसू? बरं दिसेल का?"

कस्तुरीचे वडील यशवंत मऊ भाताची वाटी घेऊन समोर बसले होते. दात वळणाचा निघाला याचे त्यांना बरेच वाटले. काळजी वेगळीच होती. उघडलेली हिरडी फार दिवस वाट बघत नाही, मिटून जाते. मग पुन्हा भूल, पुन्हा टाके. आणि कस्तुरी तर टाक्यांचे नाव काढले तरी उशीत तोंड खुपसत होती.

त्यांनी डॉक्टरांना फोन लावला.

"सुतक पाळतोय का? पाळू द्या," डॉक्टर म्हणाले. "तार लावून ओढता येईल, पण मन मारून आणलेला दात जन्मभर तिरका उभा राहतो. दहाव्यापर्यंत थांबू. त्यानंतर हिरडी कुणाचं ऐकणार नाही."

वाईहून यशवंतांच्या थोरल्या बहिणीला, इंदूआक्कांना, बोलावून घेतले. सुतकाच्या बाबतीत आक्कांचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. त्यांनी टॉर्च मारून भाचीच्या तोंडात पाहिले आणि नाते विचारून घेतले.

"सख्खा थोरला भाऊ. एका तोंडात राहत होते, म्हणजे एकत्र कुटुंब. घरात गोडधोड बंद."

"डॉक्टरांनी आइस्क्रीम द्यायला सांगितलंय," कस्तुरीची आई निर्मला म्हणाली.

आक्कांनी थोडा विचार केला. "औषध म्हणून चालेल. पण पिस्ता नको, साधं."

शेजारच्या शिंदेवहिनी रीतीप्रमाणे पिठलं-भात घेऊन आल्या. मुलीला चावता येत नाही म्हणून पिठले मुद्दाम पातळ केले होते. "बरोबरीचे सगळे केव्हाच गेले, हा एकटाच राहिला होता," त्या हळहळल्या. कस्तुरीने गालावर बर्फाची पिशवी धरून मान हलवली. सूज उतरत होती. यशवंत रोज सकाळी तिच्या तोंडात डोकवायचे आणि हिरडीची कड सुळ्यावर किती सरकली ते बघून दहाव्याला उरलेले दिवस मोजायचे.

दहाव्या दिवशी गच्चीवर वाटाण्याएवढा पिंड ठेवला. पाण्याच्या टाकीवर कावळा होता, पण तो खाली येईना.

"याची काहीतरी इच्छा राहिलीय," आक्का म्हणाल्या. "बोला कुणीतरी."

"रात्री ब्रश केल्याशिवाय हिला झोपू देणार नाही," यशवंत पिंडाला म्हणाले. कावळ्याने मान फिरवली.

"चॉकलेट आठवड्यातून एकदाच," निर्मला म्हणाली.

"तुझी जागा मी नीट सांभाळीन," आतून सुळा म्हणाला. त्याचा आवाज पहिल्यापेक्षा दबका येत होता. हिरडी निम्म्यावर आली होती.

कावळा ढिम्म. ऊन चढले. आक्कांनी शेवटी दर्भाचा कावळा करून शिववायचे ठरवले, पण सुळ्याने त्याला साफ नकार दिला. खरा कावळा शिवल्याशिवाय तो पाऊल उचलणार नव्हता. डॉक्टरांना फोन करायला यशवंत उठलेसुद्धा.

तेवढ्यात कस्तुरी पुढे होऊन पिंडासमोर बसली.

"बाबांची काळजी करू नकोस," ती हळू बोलली. तोंड अजून पुरते उघडत नव्हते. "मी मोठी झाले तरी त्यांच्या स्कूटरवर मागे बसेन. कोपऱ्यावर उतरवा म्हणणार नाही. शाळेच्या फाटकापर्यंत, मैत्रिणींसमोर. आणि कॉलेजातसुद्धा."

कावळा सरळ खाली आला आणि पिंड घेऊन गेला.

आक्कांनी हात जोडले. इतकी वर्षे तो एवढासा दात कुणासाठी अडून बसला होता, ते यशवंतांना आता कळले. त्यांना रडू आवरेना. उपरण्याने डोळे पुसले तरी ते पुन्हा भरून येत होते.

कस्तुरी त्यांच्यासमोर आली आणि तिने तोंड उघडले.

"येऊ का?" सुळ्याने विचारले.

हे आक्कांना किंवा डॉक्टरांना विचारलेले नव्हते. यशवंतांनी लेकीकडे पाहिले, नीट पाहिले.

"ये," ते म्हणाले.