शेवटच्या घराची बारी

लिहिणे हे माझे क्षेत्र नव्हे. आयुष्यभर मी शाळेत भूगोल शिकवला, तोही इतरांनी लिहिलेल्या पुस्तकांतून. निवृत्तीनंतर, या वयात, एका शेजाऱ्याविषयी चार पाने लिहून वाचकांपुढे ठेवणे हा आगाऊपणाच आहे. तो आपण पोटात घालावा. मात्र रंगनाथमामांविषयी मी लिहिले नाही, तर दुसरे कोणी लिहील असे दिसत नाही.

परभणीतल्या आमच्या गल्लीच्या शेवटच्या घराच्या ओट्यावर मामा रोज सायंकाळी एका हातात मोबाईल धरून बसतात आणि दुसऱ्या हाताची बोटे पडद्यापुढे नाचवतात. मूठ, पंजा, दोन बोटे, पुन्हा मूठ. नवख्या माणसाला वाटते, मामा माश्या हाकलत आहेत. ते इंटरनेटचा वेग तपासतात, अशी माझी बरेच दिवस समजूत होती.

वेग मोजण्याची सोय मोबाईलमध्येच असते, असे मी एकदा भीतभीत सुचवले.

"आकड्याचं मला नका सांगू बाई," मामा म्हणाले. "मीटर आमच्या पाटबंधारे खात्यात बी होते. मीटरात पाणी आन् वावरात धूळ. बोटं सलग दिसायलीत का तुटक, तेवढं बघायचं."

आवाज येतो की नाही, याची मात्र त्यांनी कधी चौकशी केली नाही. ते मला तेव्हा खटकायला हवे होते.

मामांची सगळी नोकरी कालव्यावर गेली. शेतांकडे जाणाऱ्या कोणत्या चारीचे दार कधी उघडायचे, कोणाची पाण्याची बारी कधी संपते, आणि वरच्या शेतकऱ्याने चोरून दार उघडे ठेवले तर शेवटच्या शेतापर्यंत पाणी कसे पोचत नाही, हे त्यांच्या हाडांत मुरले आहे. त्या शेवटच्या टोकाला ते टेल म्हणतात. घरात ब्रॉडबँड आले तेव्हा त्यांनी खांबाखांबावरून येणारी वायर मान वर करून पाहिली, ती आपल्या घराशी संपते याची खात्री केली आणि जाहीर केले, "म्हंजे आपण टेलला हावोत."

त्या दिवसापासून सारे निदान त्याच अंगाने होऊ लागले. राउटर लोखंडी कपाटामागून काढून खिडकीत ठेवला, कारण "बांधाआड पाणी चढत न्हाई". त्यावरची धूळ रोज पुसली जाऊ लागली, कारण "गाळ बसला की धार बारीक होती". नेट बसवणाऱ्या सलीमने हात जोडून सांगितले, "मामा, ये कॅनॉल नहीं है. सबका कनेक्शन अलग है."

"अलग हाय तर संध्याकाळीच कामून अडकायलंय?" मामांनी विचारले. "सगळ्यांनी दारं उघडल्यावर टेलला काय राहील?"

सलीमने माझ्याकडे पाहिले. मी नकाशातल्या नद्या शिकवल्या आहेत. हा प्रवाह माझ्या अभ्यासक्रमात नव्हता.

मग मामांनी गल्लीला बाऱ्या लावून दिल्या. सायंकाळी दिवेलागणीच्या सुमारास ते काठी टेकत निघत. कोपऱ्यावरचे घर जोंधळे वहिनींचे, म्हणजे सर्वांत वरचे, म्हणून पहिला संशय तिथे; त्यांचा टीव्हीही नेटवरच चालतो.

"वहिनी, तुमची बारी झाली. आता दार लावा."

"मामा, मालिकेत लगीन लागायलंय. अक्षता तर पडू द्या."

"अक्षता सकाळच्याला परत पडत्यात. तवा बघा."

"तुमाला काय बघायचं असतंय एवढं?" वहिनींनी एकदा विचारलेच. मामा हसले आणि पुढच्या दाराकडे वळले.

त्याचे उत्तर मला मागच्या हिवाळ्यात मिळाले. एका सायंकाळी मामा माझ्या दारात आले. त्यांच्या घरची वायर वानरांनी तोडली होती. "बाई, तुमच्या नेटवर बोलू का? लय नड हाय."

मी त्यांना खुर्ची दिली. पडद्यावर मामांसारखेच नाक असलेला एक वयस्क माणूस दिसला. गंगाखेडचा धाकटा भाऊ, बाबू. मामांनी नमस्कार केला नाही की विचारपूस केली नाही. बोटे हलवायला सुरुवात केली. मूठ, पंजा, दोन बोटे. पलीकडूनही बोटेच हलली.

"जन्मापास्नं ऐकू येत न्हाई त्याला," मामा पडद्यावरची नजर न काढता म्हणाले. "ह्या खुणा आमच्या मायनं केलेल्या. माय गेली. आता ह्या दोघालाच येत्यात, त्याला आन् मला."

दुसऱ्या दिवशी बाबूचे मोतीबिंदूचे ऑपरेशन होते. सोबत शेजारी होता, पण त्याला खुणा येत नव्हत्या. आणि खुब्याच्या दुखण्यामुळे मामांना एसटीची पायरी चढवत नव्हती. म्हणून डोळ्यावर पट्टी बांधतील आणि मग सोडतील, हे आताच समजावून सांगायचे होते. मामांनी पंजा डोळ्यावर ठेवला. बांधतील. आणि नेमके तिथेच चित्र थिजले.

पडद्यावर बाबूचा चेहरा भेदरलेल्या अवस्थेत अडकून राहिला. मामांचा हात डोळ्यावरून निघेना. "त्येला वाटायलं असंल, डोळाच जाणार," ते पुटपुटले. "सोडतील हे राहिलंच की बाई."

मी वर्गाबाहेर कधी आवाज चढवलेला नाही. त्या सायंकाळी गल्लीच्या मधोमध उभी राहून मी ओरडले, "मामांची बारी आहे. सगळ्यांनी बंद करा." जोंधळे वहिनींच्या घरातली सनई मध्येच थांबली. एकेका खिडकीतला निळा उजेड गेला.

त्यामुळेच झाले की आपसूक, हे सलीमलाही सांगता आलेले नाही. परंतु मी परतले तेव्हा चित्र हलत होते. मामांनी पंजा सावकाश बाजूला केला, डोळा मोठा उघडला आणि मिचकावला. बाबू दात दाखवून हसला, आणि त्यानेही तसाच डोळा मिचकावला.

आता दिवेलागणीला मामांना काठी घेऊन फिरावे लागत नाही. वहिनी अक्षता सकाळी पाहतात.

वाचकहो, आपल्या गल्लीच्या शेवटच्या घरात कोण राहते?