गाडेकरांचा ताजा कागद

आमच्या ऑफिसातला किसन गाडेकर लिहिलेलं नसेल ते करत नाही आणि लिहिलेलं असेल ते सोडत नाही. चहाच्या मशीनवर कुणीतरी चिठ्ठी चिकटवली होती, 'आधी कप ठेवा, मग बटण दाबा.' कप कुठं ठेवायचा हे चिठ्ठीत नव्हतं. या गृहस्थानं कप शेजारच्या टेबलावर ठेवला, बटण दाबलं आणि सगळा चहा जाळीतून खाली जाताना शांतपणे बघत उभा राहिला. वर मलाच म्हणाला, "बघा मुळेसाहेब, चिठ्ठी अधुरी हाय." मग जुनी चिठ्ठी फाडून त्यानं नवी लिहिली आणि तिच्याबरहुकूम दुसरा चहा करून घेतला.

हे मी कौतुकानं सांगतोय असा गैरसमज नको. मी जळतो या माणसावर. लोक असल्या गोष्टी मनात ठेवतात, मला ते जमत नाही.

कारण समजायचं तर आमचा धंदा समजला पाहिजे. चिकलठाण्याला आमची छोटीशी कंपनी आहे. कारखान्यातल्या मशीननं लोखंड कुठं आणि किती कापायचं याचे प्रोग्राम कारखानदाराला स्वतःच लिहिता यावेत, असं सॉफ्टवेअर आम्ही बनवतो. आम्ही म्हणजे मुख्यतः मी. डोक्यावरचे केस गेले त्यात माझे. पण ते चालण्याआधी गिऱ्हाइकाच्या कॉम्प्युटरवर कंपायलर बसवावा लागतो. कंपायलर म्हणजे दुभाषी, माणसानं लिहिलेलं मशीनला समजेल असं करून देणारा. हा दुभाषी आमचा नव्हे. परदेशातली मंडळी तो फुकट देतात आणि मनाला येईल तेव्हा बदलतात. आज डावीकडं असलेलं बटण उद्या उजवीकडं, आज एका पानावर असलेली फाइल उद्या भलतीकडंच. तर हा कंपायलर कसा बसवायचा, त्याचा मराठी कागद गाडेकर लिहितो. झालं, एवढंच त्याचं काम.

आणि त्यावर काय तो जीव! सकाळी आला की देवाला हात जोडावेत तसा आधी कंपायलरची वेबसाइट उघडतो. तिथं काही हललं असेल की खुर्चीतून ओरडतो, "शिळा झाला! कागद शिळा झाला!" मग एक कॉम्प्युटर कोरा करून आपलाच कागद पहिल्या ओळीपासून मोठ्यानं वाचत बसायचं. एकदा तर एका बटणाचा रंग निळ्याचा हिरवा झाला, एवढंच. मी म्हटलं, "अरे, आंधळ्यालासुद्धा कळेल कुठं दाबायचं ते!"

"कागदात निळं लिहिलंय, साहेब. माणूस निळं हुडकत बसंल ना. घाबरंल. त्याला वाटंल आपलंच चुकलं."

"मग बदल तेवढा एक शब्द."

"असा कसा बदलू? तपासाय नेला पायजे."

हे तपासणं म्हणजे आणखी एक प्रकरण. गाडेकराचा कागद त्याच्या गावी, देवगाव रंगारीला, तपासून आल्याशिवाय बाहेर पडत नाही. तिथं म्हणे त्याचा एक माणूस आहे, ज्याला कॉम्प्युटरमधलं ओ की ठो कळत नाही. त्याला जमलं तर जगाला जमलं. एका हिरव्या बटणासाठी हा मनुष्य रविवारी पाठीवर लॅपटॉप टाकून एसटीनं गावी गेला होता. खुळाच आहे, आणि काय!

घरीदारी तो तसाच. माझ्या मेहुणीच्या लग्नाची पत्रिका छापून झाल्यावर मंगल कार्यालय बदललं. आम्ही सगळ्यांना फोन करून सांगितलं. गाडेकरालाही सांगितलं. पण पत्रिकेत क्रांती चौकाजवळचंच कार्यालय होतं, म्हणून पठ्ठ्या तिथंच गेला. तिथं कुणा परक्याचं लग्न लागत होतं. यानं अक्षता टाकल्या, आणलेलं भिंतीवरचं घड्याळ परक्या नवरदेवाच्या हातात दिलं, पंगतीला बसून जिलबी खाल्ली आणि मग मला फोन केला, "मुळेसाहेब, तुमी दिसत नाय कुठं?"

मी फोनवर तोंडाला येईल ते बोललो. पण आमची सौभाग्यवती काय म्हणाली असेल? "त्यांचं काय चुकलं? पत्रिकेतला पत्ता तुम्ही खोडून द्यायला पाहिजे होता." म्हणजे मेहुणी माझी, घड्याळ गेलं परक्याकडं, आणि चूकही माझीच!

ती त्याची बाजू घेणारच. आमच्या घरातला इन्व्हर्टर कसा चालू करायचा हे मी तिला कैक वेळा समजावलं होतं. गाडेकर एकदा चहाला आला आणि जाता जाता एक कागद लिहून गेला. आता तो फ्रिजवर चिकटवलाय. वीज गेली की ती माझ्याकडं बघतसुद्धा नाही, थेट फ्रिजकडं जाते. "भाऊजींनी किती सोपं लिहिलंय हो," असं वर ऐकवते. संसार माझा आणि सोपं लिहिणारा तो.

पण खरी कळ आली ती गिऱ्हाइकांच्या मेळाव्यात. वाळूजपासून जालन्यापर्यंतचे कारखानदार आले होते. मी नवा इस्त्रीचा शर्ट घालून पुढच्या रांगेत बसलो होतो, कारण सॉफ्टवेअर बनवणाऱ्याचा सत्कार होणार अशी कुणकुण होती. एक जाडजूड मिशांचे गृहस्थ स्टेजवर चढले आणि माइकवर गरजले, "तो कागद लिहिणारा कोण हाय? त्याला आणा वर!" हॉलभर टाळ्या. शाल आणि नारळ गाडेकराला. मिशावाले म्हणाले, "मी नववी नापास माणूस. घरी पोरासोरांसमोर लाज वाटायची. ह्यांचा कागद वाचून माझं मी बसवलं सगळं." आणि त्यांचे डोळे भरून आले. माझ्या हातात बिस्किटांची बशी होती. माझ्या आयुष्याची उमेदीची वर्षं ज्या सॉफ्टवेअरमध्ये गेली, त्याचं नावही त्या माणसानं काढलं नाही. त्या दिवशी घरी जाऊन मी जेवलो नाही.

दुसऱ्याच दिवशी मी कामाला लागलो. असं काही करायचं की कागदच नको! एक बटण दाबलं की आपोआप नवा कंपायलर शोधून, आणून, बसवून मोकळं. परदेशातल्यांना काय हवं ते बदलू दे. महिनोन्‌महिने खपलो आणि केलं. लोणी झालं होतं लोणी. आमच्या कंपनीच्या मालकीण मॅडमना दाखवलं. त्या खूश झाल्या. म्हणाल्या, "म्हणजे आता तो कागद बंदच करता येईल की. फक्त गाडेकरांच्या त्या माणसाकडून एकदा तपासून आणा." गाडेकर शेजारीच उभा होता. तो नुसतं "व्हय" म्हणाला. मला वाटलं होतं, भांडेल, निदान तोंड तरी पाडेल. ते सुखसुद्धा त्यानं मला दिलं नाही.

रविवारी मीच माझ्या गाडीतून त्याला देवगावला घेऊन गेलो. विजय डोळ्यांनी बघायचा होता मला. वाटेत गाडेकर मांडीवरच्या लॅपटॉपवर एकसारखा हात फिरवत होता.

ओसरीवर साठीच्या आसपासचा एक माणूस चटईवर ताठ बसला होता. अंगात धुतलेला सदरा, डोळ्यांवर चष्मा. कागद तपासणारा माणूस तो हाच, गाडेकराचा थोरला भाऊ, दादा. त्यानं मला "या साहेब" म्हटलं. भावाकडं बघितलंही नाही. भावानंही 'कसा हायस' विचारलं नाही. तो कोपऱ्यात वायर जोडत बसला.

मी पाय धुवायला मागं गेलो तेव्हा गाडेकराच्या वहिनींनी पाण्याचा तांब्या दिला आणि हळूच विचारलं, "साहेब, आता ह्ये कागदाचं काम बंद व्हनार म्हनतेत, खरं हाय का?"

"हो. सोपं केलंय आता."

त्यांनी तांब्या परत घेतला. "आमच्या सासूबाई गेल्या, मग वाटणी झाली. विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून दोघं लई भांडले. तवापासून एकमेकाला शब्द नाय. दिवाळीला नाय, पोरीच्या लग्नात नाय. फकस्त ह्यो कागद आला की ह्ये वाचतेत, अडलं की भावजींना इच्यारतेत. तेवढंच बोलतेत. ह्यांना काय घेणं त्या मशिनीचं? पर भावजींचा मला फोन आला की रविवारी कुटं जात नाय. सकाळपासून चष्मा पुसत बसतेत."

मी तोंड पुसलं आणि ओसरीवर आलो. पडद्यावर माझं बटण मोठ्या दिमाखात उभं होतं.

"काय करायचं?" दादानं मला विचारलं.

"एवढं बटण दाबा."

त्यानं दाबलं. लॅपटॉप बराच वेळ घरघरला आणि 'कंपायलर बसला आहे' अशी ओळ आली. एकही चूक नाही, एकही अडचण नाही. असं काम माझ्या हातून पुन्हा होईल की नाही, देव जाणे.

दादा पडद्याकडं बघत राहिला. "झालं?"

"झालं."

"वाचायचं काय नाय?"

"नाही."

त्यानं चष्मा काढला. गाडेकर खाली मान घालून वायर गुंडाळायला लागला. मग दादानं हनुवटीनं भावाकडं खूण केली आणि मलाच विचारलं, "म्हंजे आता ह्याचं येनं बंद?"

सांगतो तुम्हाला, त्या क्षणीही मी जळलोच. माझ्या बापजन्मात कुणी माझी अशी वाट बघितली नव्हती. माझा सख्खा भाऊ पुण्यात असतो. आमचं भांडण नाही, काही नाही, आणि शेवटचं कधी बोललो ते आठवत नाही.

"छे हो दादा," मी म्हणालो. "हे बटण अजून कच्चं आहे. आता चाललं, उद्या बिघडेल. याचा भरवसा नाही. कागदाशिवाय भागणार नाही आपलं." माझ्या आयुष्यातल्या सगळ्यात पक्क्या कामाला मी माझ्याच तोंडानं कच्चं म्हटलं. गाडेकरानं मान वर केली. तो प्रोग्रामर नसला तरी असल्या थापा त्याला बरोबर कळतात.

मी लॅपटॉप ओढून घेतला, बसवलेला कंपायलर पुसून टाकला आणि परत दादापुढं सरकवला. गाडेकरानं पिशवीतून कागद काढला. दादानं चष्मा चढवला, कागद लांब धरला आणि पहिल्या ओळीपासून खणखणीत आवाजात वाचायला लागला. एकेक ओळ वाचायची, बोटानं शोधायचं, दाबायचं. गाडेकर खांबाला टेकून उभा होता आणि दादाच्या बोटाकडं बघत होता.

मध्येच दादा थांबला. "अडलं."

"कुठं?"

"हितं लिवलंय, फाइल उतरंपर्यंत थांबा. किती थांबायचं?"

"ते नाय सांगता येत, दादा. नेट हळू हाय आज. लई येळ लागंल."

दादानं कागद मांडीवर ठेवला आणि चटईवर थोडं बाजूला सरकला.

"मग बस की खाली," तो म्हणाला. "उभा कशाला हायस?"