रॉयली आंघोळ

वरची खोली महिनाअखेरपर्यंत भाड्यानं गेली नाही तर तिथं आपला भाऊ येऊन राहणार, हे बायकोनं भांडी घासता घासता सांगून टाकलं आणि रिटायर झालेल्या ट्रक ड्रायव्हरनं हातातला चहा तसाच खाली ठेवला. मेव्हणा माणूस वाईट नव्हता. पण तो बँडमध्ये ट्रंपेट वाजवायचा, आणि सराव घरी करायचा. जन्मभर हॉर्न ऐकून ड्रायव्हरचे कान किटले होते. आता म्हातारपणी घरातच हॉर्न, म्हणजे झालंच कल्याण.

त्यानं जावयाला गाठलं. जावई गालिच्यांच्या दुकानात होता आणि दुकानाच्या जाहिराती इंग्रजीत लिहायचा. त्यानं खोली बघितली. एक खाट, एक खिडकी आणि खिडकीतून शेजाऱ्याची पाण्याची टाकी.

"मामा, खोली कशी आहे ते लिहायचंच नाही," तो म्हणाला. "माणूस तिथं कसा राहील ते लिहायचं. म्हणजे कुणी खोटारडं म्हणत नाही."

आणि त्यानं मोबाईलवर उभ्या उभ्या लिहून टाकलं. झोपा लक्झरियसली. जेवा सम्प्च्युअसली. आंघोळ करा रॉयली. संध्याकाळ घालवा मॅजेस्टिकली.

"अर्थ काय याचा?"

"थाटात."

"कुठल्या शब्दाचा?"

"सगळ्यांचाच. थाट वाढत वाढत जातो."

चार दिवसांत एक बाई बॅग घेऊन दारात उभ्या राहिल्या. शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या, आता निवृत्त. कानाला मशीन आणि आवाज असा, की अजून पोरं रांगेत उभी असावीत. "एक दिवस राहून बघते," त्या म्हणाल्या. "लिहिलंय तसं असेल तर कायमची राहते."

"लिहिलंय तस्संच आहे," ड्रायव्हर म्हणाला. ट्रॅफिक पोलिसाला 'कागद क्लियर आहेत' म्हणायचा त्याच आवाजात.

मग स्वयंपाकघरात येऊन त्यानं डोकं धरलं. "खाट तीच, बादली तीच, भाजीही कालचीच. थाट आणायचा कुठून?"

"चालण्यातून," बायको म्हणाली. "तुम्ही कसे येता, ढेकूण मारायला निघाल्यासारखे. जरा हळू, मान वर करून चाला."

बाईंनी आंघोळीचं पाणी मागितलं. ड्रायव्हरनं इस्त्रीचा शर्ट घातला, वाफाळती बादली उचलली आणि मान वर करून जिना चढू लागला. मान वर असल्यावर पायरी कशी दिसणार? शेवटच्या पायरीला ठेच लागली, बादली सुटली आणि सगळं पाणी उघड्या दारातून थेट खाटेवर गेलं. बाई म्हणाल्या, "आंघोळ मला करायची होती."

गादी चिंब. मग खालची, ड्रायव्हरची स्वतःची कापसाची गादी वर गेली. ती चढवताना जिन्यात अडकली, ती सोडवायला बायको चुलीवरचं टाकून आली आणि भाजी करपली. करपलेली भाजी थाटात वाढायची म्हणून तिनं प्रत्येक जिन्नस वेगळ्या झाकलेल्या ताटात आणला. एका ताटात नुसतं मीठ आलं. बाईंनी झाकण उचलून मिठाकडं बघितलं आणि झाकण परत ठेवलं.

"आता संध्याकाळचं काय?" त्यांनी विचारलं. जाहिरात उघडलेला मोबाईल हातातच होता.

नवराबायको जिन्याखाली कुजबुजले.

"भावाला बोलावते," बायको म्हणाली. "त्याच्या बँडच्या कोटाला सोनेरी झालर आहे."

"अगं, तो नको म्हणून तर हा सगळा खटाटोप."

"मग तुम्ही नाचा."

मेव्हणा आला. झालर, टोपी, चकचकीत बूट. घरात दिवसभरात पहिल्यांदाच काहीतरी थाटाचं दिसलं. त्यानं ट्रंपेट तोंडाला लावलं आणि शेजाऱ्यानं धाडकन खिडकी लावली. गल्लीतलं कुत्रं रडायला लागलं. ड्रायव्हर डोळे मिटून उभा राहिला. आता बाई पळणार, खोली रिकामी होणार आणि हा इथंच मुक्काम ठोकणार, हे त्याला लख्ख दिसत होतं.

वाजवणं थांबलं. बाईंनी कानातलं मशीन काढून पर्समध्ये टाकलेलं होतं.

"किती वर्षांनी काहीतरी नीट ऐकू आलं," त्या म्हणाल्या. "खोली घेतली मी. आंघोळ आणि जेवण साधं चाललं तरी चालेल. हे मात्र रोज पाहिजे."

ड्रायव्हरनं सुटकेचा श्वास घेतला. भाडेकरू मिळाला, वरची खोली वाचली.

"रोज म्हणजे ताई," मेव्हणा टोपी काढत बहिणीला म्हणाला, "एवढ्या लांबून येणं जमायचं नाही मला."

"यायचं कशाला? इथंच राहा की," बायको म्हणाली. "पुढच्या खोलीत."

"तिथं मी झोपतो," ड्रायव्हर म्हणाला.

"तुमची गादी वर गेली ना. मग ती जागा रिकामीच की."

सामान लावेपर्यंत अंधार पडला. मेव्हण्यानं कोट खुंटीला टांगला आणि अदबीनं विचारलं, "दाजी, मी पहाटे सराव केला तर चालेल ना?"

ड्रायव्हर स्वयंपाकघराच्या दारात चटई अंथरत होता.

"वरच्या बाईंना विचार," तो म्हणाला. "मी इथं नुसता राहतो. तेही साधेपणानं."