पंजा ठेवून रसशाळा राखिली त्याची हकीकत

श्री सर्वव्यापी अणुरेणूंस दंडवत. जे डोळ्यांस दिसत नाहींत आणि तरी अवघा कारभार चालवितात, त्यांच्या कृपेनें लेखणी चालो. शके एकोणीसशें सेहेचाळीस, क्रोधी नाम संवत्सरे, मार्गशीर्ष मासीं एका राज्यांतील रसशाळेवर संकट आलें आणि माघ मासीं तें टळलें; तें आलें कैसें व टळलें कैसें ऐसें धन्यांनीं पुसलें, त्यावरून ही हकीकत यथामति लिहिली असे. राज्य म्हणजे एक माध्यमिक विद्यालय, आणि रसशाळा म्हणजे त्यांतील रसायनाची प्रयोगशाळा. राज्याचें नांव सांगत नाहीं, कारण नांव दुसरें असतें तरी प्रकार हाच घडता.

ते समयीं रसशाळेचा किल्ला विशाखाबाई सबनीस यांचे ताब्यांत होता. बाई रसायन शिकवीत आणि अकरा वर्षें त्यांनीं ती खोली जिवापाड सांभाळिली होती. खोलीस खिडक्या दोन, बेसिनें दोन, पैकीं एक कायमचें तुंबलेलें, आणि भिंतीशीं परीक्षानळ्यांची लांकडी घोडी, जिचा एक पाय बाईंनीं स्वतः पुठ्ठा घालून सरळ केला होता. राज्यावर दर सहामाहीस तालुक्याच्या परीक्षेची स्वारी येई. प्रश्न चाळीस, आणि प्रत्येक प्रश्नास अ, ब, क, ड असे दरवाजे चार. एका दरवाजामागें गुण आणि तीन दरवाजांमागें खंदक. वीस दरवाजे बरोबर उघडील तो तरला. मागील स्वारींत दहावीचे एकेचाळीस शिपाई उभे ठाकले आणि अठराच तरले, बाकीचे खंदकांत गेले. मग राज्याचे मुख्याध्यापक रंगनाथराव हुद्देदार यांनीं बाईंस कचेरींत बोलावून आणिलें आणि चहा देऊन मसलत केली. रावसाहेब दुष्ट नव्हते, हिशेबी होते. स्नेहसंमेलनाचे पडदे, थर्मोकोलच्या कमानी आणि मोडके बाक व्हरांड्यांत पडून कुजत होते आणि राज्यांत जागा नव्हती. त्यांनीं सांगितलें कीं पोरें रसशाळेंत जाऊनही नापास होतात, तर न जातां होतील, त्यांत बिघडतें काय. तरी माघांतील स्वारींत निदान तीस शिपाई तरले तर रसशाळा राहील, न तरले तर तिची कोठी होईल. बाईंनीं चहा तसाच ठेविला आणि बाहेर आल्या.

बाईंचा स्वभाव तिखट. पोरें आळशी, वाचीत नाहींत, लक्ष देत नाहींत, ऐसा त्यांचा अकरा वर्षांचा पक्का समज होता, आणि त्यावर घोकंपट्टी व आवाज चढविणें हे दोनच उपाय त्यांस ठाऊक होते. तरी संकट दाराशीं आलें म्हणून एका रविवारीं दुपारीं त्या मागील परीक्षेचे गठ्ठे घेऊन बसल्या आणि कोणीं कोणता दरवाजा उघडिला याच्या रेघा मारूं लागल्या. मारितां मारितां त्यांचा हात थांबला. पाणी उकळतें तेव्हां बुडबुड्यांत काय असतें, ऐसा एक प्रश्न होता. ज्यास कांहींच येत नाहीं तो चहूं दरवाजांत विखरेल. कोणी इकडे, कोणी तिकडे. येथें एकेचाळिसांपैकीं बत्तीस जण एकाच दरवाजानें आंत शिरले होते आणि एकाच खंदकांत पडले होते. दरवाजा ब: हायड्रोजन आणि ऑक्सिजन. पुढें पाहतां तोच प्रकार. आम्लता वाढते तेव्हां सामूचें, म्हणजे पीएच या आंकड्याचें, काय होतें? खरें तर तो उतरतो; आम्ल वाढलें म्हणजे आंकडाही वाढला, ऐसें समजून तीस जण पडले. उत्प्रेरक अभिक्रियेंत खर्च होऊन जातो म्हणणारे अठ्ठावीस. समीकरण जुळवितां पाण्याच्या सूत्रांतील आंकडाच बदलून पाण्याचें हायड्रोजन पेरॉक्साइड करणारे, म्हणजे पिण्याच्या पेल्यांत जखम धुण्याचें औषध ओतणारे, सत्तावीस. आणि जेथें चूक विधान कोणतें ऐसें पुसलें होतें, तेथें पहिलेंच विधान खरें दिसलें म्हणून हर्षभरें त्यासच खूण करणारे तर चौतीस निघाले. बाईंचे ध्यानीं आलें कीं हा आळस नव्हे; पोरें कांहींतरी विचार करूनच पडलीं आहेत, आणि तो विचार काय हें आपण अकरा वर्षांत एकदाही पुसलें नाहीं. त्यांस फार लाज वाटली.

दुसरे दिवशीं बाई वर्गावर गेल्या आणि कोण चुकलें तें न पुसतां, ब कां वाटलें तें सांगा, ऐसें म्हणाल्या. बाई प्रेमानें पुसताहेत त्या अर्थीं कांहीं डाव आहे, ऐसा सर्वांचा तर्क. मग तिसऱ्या बाकावरील कस्तुरी धायगुडे उठली. ही मुलगी मेंढपाळांच्या घरची, बोलण्यांत धीट, आणि मागील स्वारींत बारा गुणांवर पडली होती.

ती म्हणाली, "बाई, पाणी म्हणजे हायड्रोजन आन् ऑक्सिजनच ना? तुम्हीच शिकवलं. मग एवढं तापवल्यावर ते सुटं होणारच की. बुडबुडा काय रिकामा असतोय व्हय?"

बाईंनीं पोरीचें बोलणें पायरीपायरीनें ताडून पाहिलें. एक पायरी सोडून बाकी सर्व बरोबर होतें. मग त्यांनीं अवघी फौज रसशाळेंत नेली, चंचुपात्रांत पाणी उकळिलें, आणि सांगितलें कीं बुडबुड्यांत ते दोन वायू असतील तर जळती काडी धरितांच फट् ऐसा आवाज झाला पाहिजे. सर्वांनीं कानांत बोटें घातलीं. बाईंनीं काडी वाफेंत धरिली आणि काडी चुप् होऊन विझली. मग थंड ताटली वर धरिली, तिच्यावर थेंब जमले, आणि ते थेंब पाण्याचेच होते. पाणी तापून वाफ जाहलें होतें, मोडलें नव्हतें. कस्तुरी बराच वेळ त्या थेंबांकडे पाहत राहिली. मग तिनें पुसलें कीं पाणी फुटतें तरी कधीं. बाई म्हणाल्या, "फुटतं. पण त्याला तयारी लागते. ही खोली राहिली तर दाखवीन." रसशाळा जाणार ही बातमी वर्गास तेव्हां प्रथम कळली.

तेव्हांपासून बाईंनीं नवा रिवाज घातला. प्रश्न वाचतांना खालच्या चारी दरवाजांवर डाव्या हाताचा पंजा ठेवावा, आंत काय आहे तें पाहूं नये, चूक कीं बरोबर काय मागितलें आहे तें दोनदां वाचावें, उत्तर आपल्या मनानें ठरवावें, आणि त्याचें कारण एका शब्दांत समासांत लिहावें; मगच पंजा उचलून आपला दरवाजा शोधावा. कारण खंदक खणणारा हुशार असतो, तो आपल्याच मनांतील चूक घेऊन तिला दरवाजाचा रंग देतो, आणि दरवाजा एकदां दिसला कीं पाय तिकडेच वळतो. पौष मास सारा यांत गेला. शेजारच्या तुकडीनें या पोरांस झांकणवाले ऐसें नांव ठेविलें आणि डबा खातांना पंजे दाखवून चिडविलें, तरी रिवाज मोडला नाहीं. घोकंपट्टी मात्र बंद जाहली आणि बाईंचा घसा सुधारला.

मग माघ शुद्ध पंचमीस स्वारी आली. नियम ऐसा कीं विषयाच्या शिक्षकानें त्या दालनांत जावयाचें नाहीं, म्हणून बाई शिक्षकखोलींत बसल्या आणि एकच वर्तमानपत्र उलटसुलट वाचीत राहिल्या. दालनांत पहाऱ्यास परगांवचे लोंढे गुरुजी नेमिले होते, बहुत कडक माणूस. त्यांनीं पाहिलें तों एकेचाळीस पोरें एकाच वेळीं कागदावर पंजे ठेवितात, पुटपुटतात, समासांत कांहीं खरडतात आणि पंजे उचलितात. गुरुजींची चोवीस वर्षें पहाऱ्यांत गेलीं होतीं, पण ऐसें कधीं देखिलें नव्हतें. पांच बोटें, चार दरवाजे, ही तर सरळ खुणांची भाषा, ऐसा त्यांचा निश्चय जाहला आणि त्यांनीं परीक्षा थांबवून सर्वांचे हात वर करविले. रंगनाथरावांस बोलावणें गेलें, रावांनीं बाईंस बोलाविलें, आणि गुरुजींनीं सांगितलें कीं ही संगनमतानें नक्कल आहे, सर्वांचे कागद रद्द करणें भाग आहे. बाई दाराशींच उभ्या राहिल्या. आंत जाण्याची मनाई आणि बोलावें तर संशय वाढणार; आपणच घातलेला रिवाज पोरांच्या गळ्याशीं आला.

तेव्हां कस्तुरी हात वर ठेवूनच उठली. "गुरुजी, ह्या खुणा न्हाईत. खालची उत्तरं दिसली की मन तिकडं पळतंय, म्हणून झाकतो. आन् कारण लिहितो. बघा की तुम्हीच."

गुरुजींनीं तिचा कागद घेतला, मग मागच्या बाकावरचा, मग खिडकीशीं बसलेल्याचा, ऐसे सातआठ कागद चष्मा पुसून पाहिले. बुडबुड्यांचा प्रश्न याही स्वारींत आला होता. उत्तर बहुतेकांचें एकच, वाफ. परंतु समासांत एकानें लिहिलें होतें ताटली, दुसऱ्यानें थेंब, तिसऱ्यानें काडी विझली, आणि कस्तुरीनें लिहिलें होतें फट् नाहीं. गुरुजींनीं ते कागद शेजारीं शेजारीं मांडून पुन्हां वाचिले.

शेवटीं ते रंगनाथरावांस म्हणाले, "नक्कल केली असती तर कारणं सारखी आली असती. ही पोरं आपापल्या डोक्यानं चाललीत. हात ठेवून वाचू नये असा नियम माझ्या पाहण्यात नाही."

आणि थांबविल्याची अकरा मिनिटें फळ्यावर लिहून त्यांनीं परत दिलीं. एकेचाळीस पंजे पुन्हां कागदांवर पडले. बाई व्हरांड्यांत जाऊन एका मोडक्या बाकावर बसल्या, आणि तो बाक डगमगला तरी त्यांस उठवेना.

पुढें पंधरा दिवसांनीं तालुक्याच्या दफ्तरांतून निकालाचा लखोटा आला. रंगनाथरावांनीं बाईंसमक्ष तो फोडिला, कागदावर नजर टाकिली आणि चष्मा काढून मेजावर ठेविला. म्हणाले, "बाई, सात." बाईंनीं मनांत हिशेब केला. मागें अठरा आणि आतां सात, म्हणजे पंजानें पोरें अधिकच बुडालीं. पुठ्ठा लावलेली घोडी आतां कोण उचलील आणि कोठें टाकील, येथवर त्यांचें मन गेलें. रावसाहेबांसही खरेंच वाईट वाटलें, ते म्हणाले कीं ठरलें होतें म्हणून नाइलाज आहे, आणि किल्ल्यांचा जुडगा मागण्यास त्यांनीं हात पुढें केला. बाईंनीं जुडगा काढिला. परंतु दोन महिन्यांची संवय अंगांत मुरली होती. देतां देतां त्यांचा डावा पंजा आपोआप त्या कागदावर गेला आणि आंकडा झांकला गेला.

बाई म्हणाल्या, "सर, आकडा नंतर. आधी विचारलंय काय, ते वाचा."

रावसाहेबांनीं चष्मा घातला आणि वाचिलें: अनुत्तीर्ण. बाईंनीं पंजा सावकाश खालच्या ओळीवर सरकविला आणि शब्द उघडा ठेवून आंकडा झांकिला. उत्तीर्ण, ऐसें रावसाहेबांनीं वाचिलें. मग बाईंनीं पंजा उचलिला. चौतीस. मग बाई खुर्चींत बसल्या, पेलाभर पाणी प्यायल्या, आणि हंसावें कीं रडावें हें न कळून त्यांनीं दोन्ही केलें. रावसाहेबांनीं जुडगा त्यांच्यापुढें सरकविला आणि प्रामाणिकपणें कबूल केलें, "पहिला दिसला तोच आकडा मी धरला." बाई म्हणाल्या कीं सर्वांचें तसेंच होतें, आणि ऐसें म्हणतांना त्यांचा आवाज त्या कचेरींत अकरा वर्षांत प्रथमच मऊ होता. कस्तुरीस एकोणतीस गुण मिळाले होते. जे सात पडले त्यांचीं नांवें बाईंनीं वहींत उतरून घेतलीं, ओरडण्यास नव्हे, पुसण्यास.

दुसरे दिवशीं बाईंनीं बोलल्याप्रमाणें केलें. पाण्यांत धुण्याचा सोडा घातला, जुन्या सेलांतील कोळशाच्या कांड्या बुडविल्या, नऊ व्होल्टची बॅटरी जोडिली आणि कांड्यांवर परीक्षानळ्या उपड्या घातल्या. बारीक बुडबुडे निघूं लागले. एका नळींत वायू दुप्पट, दुसरींत निम्मा, ऐसें घटकाभर चाललें आणि अवघी फौज माना लांब करून पाहत राहिली. मग दुपटीची नळी उचलून बाईंनीं जळती काडी कस्तुरीच्या हातीं दिली. तिनें ती नळीच्या तोंडाशीं नेली, आणि फट् ऐसा आवाज कचेरीपर्यंत गेला. रंगनाथराव धांवत आले, दाराशीं थांबले, आणि काय फुटलें ऐसें पुसते जाहले. कस्तुरी म्हणाली, "पाणी, सर."

येणेंप्रमाणें रसशाळा राहिली, पडदे व कमानी जिन्याखालीं गेल्या, तुंबलेलें बेसिन तुंबलेलेंच आहे, आणि रावसाहेब अलीकडे प्रत्येक कागद पंजा ठेवून वाचतात. हकीकत पुरी जाहली. वाचणाराचे अणुरेणू सुखांत असोत.