आबासाहेबांच्या नावाचं डाळिंब

"पेशंटचं नाव सांग," गोकुळ म्हणाला.

"पेशंट कुठला? डाळिंब आहे."

"मला दिसतंय गं ताई, मशीनला दिसत न्हाय. नाव, वय, पुरुष का बाई, एवढं भरल्याबिगार ती सुरूच व्हत न्हाय."

बारामतीतल्या एका स्कॅन सेंटरमध्ये दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत हा संवाद चालला होता. गोकुळ हा सुप्रियाचा धाकटा भाऊ आणि तिथला टेक्निशियन. मशीन रिकामी आहे तोवर काय करायचं ते करा, असं डॉक्टर हसत हसत सांगून जेवायला गेले होते. ज्या पलंगावर माणसं जीव मुठीत धरून झोपतात, त्यावर मधोमध एक भगवं डाळिंब निवांत बसलं होतं.

आता डाळिंबाचं वय काय सांगणार? ते पुरुष की बाई, हा तर त्याहून अवघड प्रश्न. सुप्रियाच्या डोळ्यांसमोर ज्यांच्या बागेतलं डाळिंब ते सासरे उभे राहिले. "आबासाहेब लिही," ती म्हणाली. गोकुळनं पहिली दोन अक्षरं लिहिली आणि बाकीचं मशीननं स्वतःच भरून टाकलं, कारण आबासाहेब मागच्या महिन्यात गुडघ्याचा फोटो काढायला इथंच आले होते. त्यात त्यांचा मोबाईल नंबरही होता. त्याकडे दोघांनीही पाहिलं नाही.

सुप्रिया निरवांगीत, सासरच्या घरात बसून प्लगइन लिहायची. शास्त्रज्ञ लोक वापरतात असं एक सॉफ्टवेअर आहे. स्कॅनच्या पातळ चकत्या एकावर एक रचून ते अख्खी वस्तू पडद्यावर उभी करतं, मग तो मेंदू असो की खडक. आबांना हे समजावताना तिला ट्रॅक्टरची मदत घ्यावी लागली होती. सॉफ्टवेअर म्हणजे ट्रॅक्टर आणि ती बनवते ती मागं जोडायची अवजारं.

"आन् ट्रॅक्टर कुणाचा?" आबांनी विचारलं होतं.

"सगळ्यांचा. फुकट मिळतो."

"फुकट ट्रॅक्टर," असं म्हणून आबा उठून बागेत निघून गेले होते. सून शिकलेली आहे, पण कुणीतरी तिला फसवतंय, असं त्यांचं तेव्हापासूनचं मत होतं.

तिचं नवं अवजार फळ न कापता आतली सड दाखवणारं होतं. दुसऱ्या दिवशी चार वाजता ते सॉफ्टवेअर सांभाळणारी नॉर्वेतली मंडळी हे अवजार व्हिडिओ कॉलवर पाहणार होती. पडद्यावर जे दिसतं तेच फळात आहे, हे तिनं तेच डाळिंब त्यांच्यासमोर कापून दाखवायचं. पटलं तर तिचं प्लगइन मूळ सॉफ्टवेअरमध्ये जाणार, नाही तर वर्षभराची मेहनत पाण्यात. "कामासाठी एक डाळिंब द्या," एवढंच तिनं आबांना सांगितलं होतं आणि त्यांनी झाडावरचं सगळ्यात देखणं तोडून दिलं होतं. स्कॅन झाल्यावर तिनं ते घरी आणून खिडकीत ठेवलं.

सकाळी आबासाहेब डेअरीवर दूध घालायला गेले आणि मोबाईल वाजला. चष्मा घरी राहिला होता, म्हणून त्यांनी फोन शेजारच्या हिंदुरावांच्या हातात दिला. हिंदुरावांची बाग आबांच्या बांधाला लागून, आणि डाळिंब कुणाचं चांगलं हा वाद दोघांच्या मिसरुडापासूनचा.

"आबासाहेब, आपला स्कॅन पूर्ण झाला आहे," हिंदुरावांनी मोठ्यानं वाचलं आणि फोटो उघडला. रांगेतल्या सगळ्यांनी माना पुढं काढल्या. करड्या रंगाचं काहीतरी गोल होतं, आत पातळ भिंती, भिंतींच्या आड गच्च भरलेले खडे, आणि एका कोपऱ्यात काळा डाग.

"आबा, ह्ये डोकं हाय का पोट?" हिंदुरावांचा आवाज एकदम मऊ झाला.

"मी कुटं गेलोच न्हाय स्कॅनला."

"घरच्यांनी सांगितलं नसंल तुमास्नी. आसंच करत्यात."

आबा विचारात पडले. फोटो गुडघ्याचा काढला होता खरा, पण गुडघ्याच्या पुढं मशीननं काय काय पाहिलं असेल हे कोण सांगणार? "त्येच वर चढलं आसंल," ते पुटपुटले आणि दुधाची किटली तिथंच विसरून घरी येऊन खाटेवर आडवे झाले.

आजारी माणसाला भेटायला रिकाम्या हातानं जात नाहीत, आणि आजाऱ्याला डाळिंबासारखं फळ नाही. निरवांगीत तर ते प्रत्येकाच्या दारात. दुपारपर्यंत आबांच्या खाटेशेजारी डाळिंबांचा ढीग लागला. प्रयागबाईंनी, म्हणजे आबांच्या बायकोनं, डोळे पुसत पुसत सगळी एका पाटीत भरली. खिडकीतलं एक सुटं दिसलं, तेही त्यातच टाकलं. आलेल्याची पिशवी रिकामी परत पाठवायची नाही, ही त्यांच्या सासूबाईंपासूनची रीत. म्हणून निघणाऱ्या प्रत्येकाच्या पिशवीत त्या पाटीतलंच एक डाळिंब घालत होत्या.

कानाला हेडफोन लावून मागच्या खोलीत बसलेली सुप्रिया तीन वाजता बाहेर आली, तेव्हा ओसरीत पाय ठेवायला जागा नव्हती. काय झालं ते समजल्यावर तिला आधी हसू आलं, मग तिची नजर रिकाम्या खिडकीकडे गेली आणि हसू जागच्या जागी विरलं.

"आबा, तुम्हांला काही झालेलं नाही. तो डाळिंबाचा फोटो आहे."

भेटायला आलेल्या साखरबाई प्रयागबाईंच्या कानाशी लागल्या. "गुणाची हाय गं सून. धीर देतीया."

"खरंच डाळिंब आहे. मी स्कॅन केलंय त्याचं."

"डाळिंबाला काय झालं हुतं?" हिंदुरावांनी विचारलं.

शेवटी तिनं लॅपटॉप टीव्हीला जोडला. पडद्यावर डाळिंब उभं राहिलं, टीव्हीभर मोठं, सावकाश फिरणारं. तिनं एक कळ दाबली आणि साल विरघळली. आणखी एक दाबली आणि सगळी ओसरी डाळिंबाच्या आत शिरली.

आत कुणी कधी गेलं होतं? आयुष्य डाळिंबं पिकवण्यात गेलेली ती माणसं पहिल्यांदाच त्याच्या पोटात उभी होती. पांढुरक्या पापुद्र्यांच्या भिंती वर कमानीसारख्या जुळल्या होत्या, आणि दोन्हीकडे दाणे असे दाटीवाटीनं बसले होते, की एकाचा कोन दुसऱ्याच्या खाचेत बरोबर बसावा, कुठं तसूभर फट राहू नये. एवढी कारागिरी सालीच्या आत, अंधारात, कुणी बघायला नसताना चाललेली असते. साखरबाईंनी नकळत हात जोडले. सुप्रियानं हे शंभरदा पाहिलं असेल, पण आज तिलाही भरून आलं.

आबा कधी उठून बसले ते कुणालाच कळलं नाही. "ह्ये माज्या झाडानं केलंय?" त्यांनी हळू विचारलं. "कापल्याबिगार दिसतंय ह्ये?"

"हो आबा. आणि माझ्या अवजारानं लाल रंगवलेला हा ठिपका म्हणजे तिथं आतून सडलंय."

आबा ताठ झाले. "माज्या बागंच्या डाळिंबात न्हाय."

"कापून बघू. पण ते डाळिंब कुठाय?"

प्रयागबाईंनी पाटीकडे पाहिलं, मग लोकांच्या पिशव्यांकडे, आणि पदर तोंडाला लावला.

सुप्रियानं पडद्यावर डाळिंबाच्या तोंडाचा तुरा मोठा केला. त्याची एक पाकळी मोडलेली होती. मग त्या ओसरीत कुणी कधी पाहिलं नसेल असं दृश्य दिसलं. माणसं आपापल्या पिशवीतलं डाळिंब हातात धरून टीव्हीकडे बघत होती आणि तुरा ताडून पाहत होती. पुढं गेलेल्यांना फोन लावले, "खाऊ नगा, माघारी या." पाटी झाली, पिशव्या झाल्या. चार वाजत आले. एकटे हिंदुराव मांडीवरची पिशवी घट्ट धरून बसले होते.

"हिंदुराव, तुमचं बघू."

"ह्ये ऱ्हाऊ द्या," ते खाली मान घालून म्हणाले. "आबाच्या घरचं शेवटचं म्हणून ठिवणार हुतो."

तुऱ्याची एक पाकळी मोडलेली होती.

नॉर्वेची मंडळी व्हिडिओवर आली तेव्हा त्यांना सुप्रियाच्या मागं अर्धं निरवांगी दिसलं. पडद्यावर लाल ठिपका होता, बरोबर त्याच रेषेत तिनं सुरी घातली. डाळिंब दुभंगलं. बाकी दाणे माणकासारखे, आणि ठिपक्याच्या जागी बोटाच्या पेराएवढा काळा, सडका भाग. नॉर्वेत टाळ्या झाल्या. आबांनी तो अर्धा भाग हातात घेतला, एकदा त्याच्याकडे आणि एकदा टीव्हीकडे पाहिलं आणि सुनेच्या डोक्यावर हात ठेवला. "तुजा ट्रॅक्टर खरा हाय, पोरी," ते म्हणाले.

महिन्याभरानं प्लगइन त्या सॉफ्टवेअरमध्ये गेलं. सुप्रिया आबांना ते दाखवायला बसली आणि एकदम थबकली. शिकणाऱ्यांसाठी नमुना म्हणून तिचंच डाळिंब ठेवलं होतं, आणि फाईलच्या पोटात गोकुळनं भरलेलं नाव तसंच राहून गेलं होतं.

"म्हंजी?" आबांनी विचारलं.

"म्हणजे जगात कुणीही हे शिकायला घेतलं, की आधी 'आबासाहेब' उघडतं."

"कुटं कुटं?"

"नॉर्वे, जपान, ब्राझील. सगळीकडं."

"आन् आत सडल्यालं दिसतंय."

"ते दिसावं म्हणूनच ठेवलंय. पण मी आजच नाव बदलायला सांगते."

"बदल. माज्या नावाचं सडकं नगं. हिंदुरावाचं नाव घाल."

सुप्रियानं हसू दाबत पत्र लिहायला घेतलं. आबा खिडकीतून बांधापलीकडच्या बागेकडे बघत राहिले. नॉर्वेत रोज सकाळी हिंदुराव उघडतोय, जपानातली पोरं हिंदुरावाच्या आत शिरून तोंडात बोट घालतायत, हे सगळं त्यांच्या डोळ्यांसमोरून गेलं असावं. कारण पत्र अर्ध्यावर आलं असताना ते खाकरले.

"ऱ्हाऊ दे," आबासाहेब म्हणाले. "सडलंय ते थोडंच हाय. बाकीचं लई देखणं हाय."